काळी मुसळी ओळखायची कशी: नागपूरच्या रानातलं जमिनीलगतचं पिवळं फूल

पावसाळा लागल्यापासून पोळ्यापर्यंत नागपूरच्या आसपास पिवळ्या फुलांना तोटा नसतो. पडीक जागेत तरोटा, रस्त्याकडेला चिकणा आणि मुद्रा, अंगणातल्या फरशीच्या फटीत आंबुशी, मैदानात सराटा. त्यामुळे "पिवळं फूल आहे, जमिनीलगत आहे, नाव सांगा" एवढ्यावर कोणीच नाव सांगू शकत नाही. रंग ही ओळखीची सगळ्यात कच्ची खूण आहे. आधी पान बघायचं, मग पाकळ्या मोजायच्या, मग फुलाचा देठ कुठून निघतो ते शोधायचं, आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी जायचं. हा क्रम अंगवळणी पडावा म्हणून इथे एकच वनस्पती घेतो, काळी मुसळी. ती इथली, देशी आणि बहुवर्षायू आहे. तिची एकेक खूण नीट पाहिली की खात्रीनं ओळखता येते, आणि त्यासाठी तिला उपटावं लागत नाही.

नाव काळी आणि फूल पिवळं यात गोंधळ नाही. काळा असतो तो जमिनीखालचा कंद. काळी आणि पिवळी मारबत (मोठे पुतळे) मिरवणाऱ्या नागपूरला काळी-पिवळीची जोडी काही नवी नाही.

शास्त्रीय नाव कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. जोसेफ गेर्टनर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं ते 1788 मध्ये दिलं. जुन्या पुस्तकांत ही वनस्पती अ‍ॅमरिलिडेसी म्हणजे लिलीसारख्या कंदवाल्यांच्या कुळात सापडेल, आता ती हायपॉक्सिडेसी कुळात धरतात. आयुर्वेदात ती मुसली किंवा तालमूली. भारतापासून चीन-जपानपर्यंत तिचा पसारा आहे, म्हणजे ही नागपूरची खास मिरासदारी नव्हे, पण आपल्या पानगळीच्या रानात ती मुळातली रहिवासी आहे. मेक्सिकोतून आलेला पिवळा धोतरा किंवा दुभाजकांवर लावलेला पिवळा-केशरी कॉसमॉस यांच्याशी तिची बरोबरी करू नये.

कधी आणि कुठे शोधायची

मृग बरसला आणि जमीन आतपर्यंत भिजली की कंदातून पानं वर येतात आणि त्यांच्यासोबतच फुलंही येऊ लागतात. नागपूरला मान्सून साधारण जूनच्या मध्यावर पोहोचतो. त्यामुळे आर्द्रा नक्षत्रापासूनचे दिवस, म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा आणि जुलै, हा शोधायला सगळ्यात चांगला काळ. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंतही फुलं मिळतात, पण तोवर गवत गुडघ्यापर्यंत येतं आणि वीतभर उंचीचं हे झाड त्यात हरवून जातं. हिवाळ्याकडे पानं पिवळी पडून वाळतात. मे महिन्यात 45 अंशांचं ऊन तापत असताना जमिनीवर तिचा मागमूसही नसतो, सगळा जीव खालच्या कंदात. उन्हाळ्यात शोधायला जाऊन "इथे नाही" असा निकाल कोणी देऊ नये.

जागा निवडताना झाडं बघा. साग, ऐन, धावडा, तेंदू, लेंडिया अशा मिश्र पानगळीच्या जंगलात, विरळ सावलीत, कुजलेल्या पानांचा थर असलेल्या उतारावर ती वाढते. पाणी साचणारी शेताची काळी माती तिच्यासाठी नाही, निचरा होणारी मुरमाड जमीन हवी. रामटेकची टेकडी, पेंचच्या बाहेरचं जंगल, उमरेडकडचा भाग, कोंढाळी-काटोल रस्त्याच्या आसपासची रानं या दिशांनी असा अधिवास आहे. शहराजवळ गोरेवाडा आणि अंबाझरीकडच्या राखलेल्या तुकड्यांतही डोळे उघडे ठेवायला हरकत नाही. भर ओसाड माळावर, जिथे वरून ऊन थेट पडतं, तिथे वेळ घालवू नका. मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून दोन-तीन हातांवर, जिथे पाचोळा अडकून राहतो, तिथून सुरुवात करा.

जाण्याआधी दोन गोष्टी. अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पांचं गाभा क्षेत्र पावसाळ्यात पर्यटनाला बंद असतं, आणि बाहेरच्या जंगलातही वाघ-बिबट्याचा वावर असतो. परवानगी आणि स्थानिक सोबती, दोन्ही हवेत. दुसरी गोष्ट पायांची. या फुलासाठी तुम्हाला जमिनीला नाक लावावं लागतं, आणि पावसाळ्यात नेमकं तिथेच गोचिडी, विंचू आणि सूक्ष्म माइट असतात. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण सापडले होते, तो आजार अशाच माइटच्या अळीच्या चाव्यातून होतो. पँटचे पाय मोज्यात खोचा, बसायला प्लास्टिकचं जाड कापड न्या, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि आंघोळ करा. नंतर ताप आलाच तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा. पाचोळा हातानं नाही, काडीनं सारा.

आधी पान

फूल दिसलं की मान आपोआप त्याच्याकडे वळते. ती वळू देऊ नका. काळ्या मुसळीची निम्मी ओळख पानात आहे, आणि पान तीन-चार महिने असतं, एखादं फूल मात्र बघता बघता संपतं.

पानं थेट जमिनीतून झुबक्यानं येतात, वर खोड दिसत नाही. लांबी साधारण 15 ते 45 सेंमी, रुंदी एक ते अडीच सेंमी, दोन्ही टोकांना निमुळती. पण मोजमापापेक्षा घड्या महत्त्वाच्या. पानाच्या लांबीभर समांतर शिरा आणि त्यांच्यावर पडलेल्या चुण्या असतात, घडी घालून पुन्हा उलगडलेल्या कागदी पंख्यासारख्या. पान दोन बोटांत आडवं धरून अंगठा हलकेच फिरवा, चढउतार हाताला लागतात. उजेडाकडे धरलं तर हिरव्याच्या दोन छटांचे पट्टे दिसतात. काही पानांवर लांब विरळ लव असते, काही जवळपास गुळगुळीत, त्यामुळे लवेवर निकाल लावू नका.

मग झाडाकडे बरोबर वरून बघा. पानं तीन दिशांना तीन रांगांत निघालेली असतात. हायपॉक्सिडेसी कुळाची ही जुनी सवय आहे. लहान रोपात ती लगेच कळते, जुन्या दाट झुबक्यात मात्र रांगा एकमेकींत मिसळतात.

आणखी एक खूण शोधायला मजा येते. लांब पान वाकून त्याचं टोक ओल्या मातीला टेकलं की तिथे मुळं फुटतात आणि टोकावरच एक पिल्लू रोप तयार होतं. आईच्या झाडापासून वीतभर अंतरावर छोटं रोप दिसलं तर मधलं पान वाळून तुटलं आहे का ते बघा. असे जोडलेले दोन झुबके सापडले तर ओळख बरीच पक्की झाली असं समजा.

इथे पहिली फसगत शिंदीची होते. शिंदीचं बी रुजून आलेलं कोवळं रोपही जमिनीतून एकेक चुणीदार पान काढतं, आणि तालमूली या जुन्या नावातही 'ताल' म्हणजे ताड आहेच. शिंदीचं पान मात्र ताठ, चिवट आणि कडक असतं, वाकवलं तर झटकन परत उभं राहतं. मुसळीचं पान मऊ, कमानीसारखं झुकलेलं. जमिनीवर वाढणाऱ्या काही आमरींची, म्हणजे ऑर्किडची, पानंही अशीच चुणीदार असतात. या झाडाचं शास्त्रीय नावच ऑर्किडसारखं म्हणून पडलं. तिथे फूल आल्याशिवाय निकाल लावू नका. आमरीच्या फुलात एक पाकळी बाकीच्यांपेक्षा अगदी वेगळी, ओठासारखी असते. मुसळीत सहाही सारख्या. रानहळदीचं पान कोवळेपणी जवळचं वाटेल, पण ते बरंच रुंद असतं आणि चुरगळलं की वास येतो.

आता फूल, आणि त्याचा देठ जो देठ नाही

सकाळी जा. फूल ताजं असतं आणि सावलीतल्या कोवळ्या उजेडात पिवळ्याचा फोटोही नीट येतो, दुपारच्या कवडशात पाकळ्या नुसत्या पांढऱ्या पडतात. एका झुबक्यात एका वेळी एखाद-दुसरंच फूल उमललेलं असतं. ते पानांच्या मुळाशी, कधी पाचोळ्यातून जेमतेम डोकं वर काढलेलं. उभ्यानं चालताना दिसलं तर नशीब.

पाकळ्या मोजा. सहा. शास्त्रात त्यांना परिदलं म्हणतात, तीन बाहेरची आणि तीन आतली, साधारण एक सेंमी लांब, टोकदार, चांदणीसारखी पसरलेली. एवढ्या एका मोजणीनं रस्त्याकडेची बहुतेक पिवळी फुलं बाद होतात: आंबुशी, सराटा, चिकणा, मुद्रा, तरोटा या सगळ्यांना पाच पाकळ्या. तीन आणि तिच्या पटीचा हिशेब हा गवत, लिली, ताड यांच्या एकदलिकित (बियात एकच दल असलेल्या) गोतावळ्याचा. समांतर शिरांचं पान आणि सहा पाकळ्या एकत्र आल्या की निदान घराणं तरी सापडलं. आत सहा पुंकेसर, तेही पिवळेच.

आता फूल न तोडता हलकेच कलतं करून पाठ बघा. बाहेरच्या तीन परिदलांच्या पाठीवर हिरवट झाक आणि लांब मऊ केस दिसतील. भिंग असेल तर काढा, नसेल तर मोबाइलचा मॅक्रो चालतो. पुढून झगझगीत पिवळं, मागून केसाळ हिरवट. बहुतेक जण फक्त समोरून फोटो काढतात आणि नेमकी ही खूण हुकते.

यानंतरचा भाग मला या झाडातला सगळ्यात देखणा वाटतो. फुलाखाली बारीक, केसाळ, दोन-तीन सेंमी किंवा जास्त लांब दांडी दिसते. कोणीही तिला देठ म्हणेल. तिच्यावरून बोट खाली नेत जा: ना पेर, ना पानाचा तुकडा, ना कुठे फुगवटा. ती पानांच्या बगलेतल्या एका पांढुरक्या पातळ आवरणात शिरते. काडीनं पाचोळा सारून बाहेरच्या पानाचा तळ किंचित बाजूला केला की दिसतं, बीजकोश तिथे आहे, मातीच्या पातळीला किंवा तिच्याही खाली. म्हणजे ज्याला आपण देठ समजत होतो ती बीजकोशाचीच वर लांब ओढलेली चोच आहे. खरा देठ आखूड असतो आणि आवरणात दडलेला राहतो. फूल वर, गर्भ खाली मातीच्या आडोशाला. पाहून झालं की पाचोळा परत लावून ठेवा.

एकाच फुलोऱ्यातली सगळी फुलं सारखी नसतात हेही लक्षात ठेवा. खालची फुलं द्विलिंगी, तर वरची बहुधा नुसती नर असतात. त्यामुळे एखाद्या फुलात स्त्रीकेसर नीट दिसला नाही तर लगेच दुसरी जात ठरवू नका. द्विलिंगी फुलात मध्यभागी तीन भागांचं कुक्षीमुख, म्हणजे स्त्रीकेसराचं टोक, दिसतं.

फळ याच दडलेल्या जागी धरतं, दीड-दोन सेंमीचं, आत मोजक्या बिया. बी काळं, चकचकीत, नागमोडी खाचांचं आणि एका टोकाला चोच असलेलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे बी सापडलं तर फुलाची वाट बघायला नको. पण त्यासाठी झुबका उकरायचा नाही, तळाशी बोटभर चाचपून मिळालं तर मिळालं.

दोन जुळ्या, ज्यांच्यात खरी गल्लत होते

सहा पाकळ्यांचं पिवळं फूल नागपुरात सगळ्यात जास्त दिसतं ते बागेत. पिवळी रेनलिली कुंडीत आणि कंपाउंडच्या कडेला लावतात, आणि तीही पहिल्या पावसानंतरच फुलते. तिचं मूळ अमेरिका खंडातलं. फरक सोपा आहे: रेनलिलीचं पान अरुंद आणि गुळगुळीत, चुण्या नाहीत, देठ पोकळ आणि उघडा, पाकळ्यांची पाठ बिनकेसांची. आणि फुलाच्या लगेच खाली हिरवा फुगीर बीजकोश डोळ्यांसमोर दिसतो. मुसळीचा बीजकोश डोळ्यांसमोर कधीच नसतो. बागेतून फेकलेले कंद नाल्याकाठी रुजतात, म्हणून "रानात दिसली म्हणजे रानटी" हा हिशेब धरू नका.

दुसरी हायपॉक्सिस, मुसळीच्याच कुळातली धाकटी बहीण. सह्याद्रीकडून पावसाळ्यात येणाऱ्या फोटोंमध्ये ती पिवळी चांदणी दिसते, आणि नागपूरकर मंडळी ती बघून आपल्या फुलाला तेच नाव देऊन टाकतात. तिची पानं गवतासारखी बारीक, चुण्या नसलेली. फूल खऱ्या, उघड्या, केसाळ देठावर येतं आणि बीजकोश फुलाच्या बुडाशी दिसतो. पुन्हा तोच प्रश्न: बीजकोश कुठे? या एका प्रश्नावर दोन्ही जुळ्या सुटतात.

सफेद मुसळी नावानं जवळची, पण ओळखीला अवघड नाही. तिची फुलं पांढरी, उंच दांड्यावर ओळीनं, आणि पानाला अशा चुण्या नाहीत. पिवळे असतात ते फक्त आतले परागकोश. लांबून काढलेल्या फोटोत तेवढा पिवळा ठिपका पाहून लोक भलतंच ठरवतात, एवढंच.

फोटो आणि नोंद

एका झुबक्याचे पाच फोटो पुरेत, पण हे पाचच: वरून पूर्ण झुबका, शेजारी पेन किंवा पट्टी ठेवून, पानाचा मधला भाग जवळून, चुण्या दिसतील असा, फूल समोरून, फूल पाठीकडून, आणि पानांच्या तळाशी दांडी आवरणात शिरते ती जागा. शेवटचे दोन नसतील तर जाणकारही "असावी" म्हणून सोडून देतो. ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपला नुसतं समोरचं फूल दाखवलं तर ते कधी रेनलिली, कधी हायपॉक्सिस म्हणेल. पानाचा फोटो जोडला की उत्तर सुधारतं, तरी ते उत्तर पुरावा न धरता इशारा धरावा.

वहीत तारीख, आदल्या आठवड्यात पाऊस किती झाला, सावली दाट की विरळ, जवळचं मोठं झाड कोणतं आणि जमीन मुरमाड की काळी एवढं लिहा. झाड बहुवर्षायू आहे याचा घरच्या घरी होणारा पुरावा हाच: पुढच्या मृगात त्याच सागाच्या त्याच बाजूला जा. त्याच जागी झुबका पुन्हा आला, आणि आसपास टोकावरची पिल्लं वाढली, तर तुमच्या वहीतली नोंद पुस्तकातल्या ओळीइतकीच भक्कम.

नेमकी जागा मात्र उघड्यावर टाकू नका. तालुका आणि अधिवास सांगितला की अभ्यासकाला पुरतो. जीपीएसचे आकडे दिले तर ते अभ्यासकापेक्षा खणणाऱ्याला जास्त कामाचे.

खणणं, बाजार आणि गावातली माणसं

कंद सरळ खाली जातो, जुन्या झाडात वीतभर किंवा त्याहून जास्त. बाहेरून काळपट तपकिरी, आतून दुधी, बाजूला मांसल मुळं. ओळख पटवायला तो बघावा लागतो असं बरेच जण मानतात. माझं स्पष्ट मत, गरज नाही. वर सांगितलेल्या खुणांनी शंभरातल्या जवळपास सगळ्या वेळी निकाल लागतो, आणि कंद उपटला की झाड संपलं. औषधासाठी होणाऱ्या उपशामुळे अनेक रानांतून ती आधीच विरळ झाली आहे. अभयारण्यातून काहीही उपटणं वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार गुन्हाही आहे.

कंद बघायचाच असेल तर इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानात जा. तिथे सुकवलेले तुकडे मिळतात: काळसर, सुरकुतलेले, आडव्या भेगांचे, तुटलेल्या मुळांचे गोल व्रण असलेले, आतून फिकट. पाण्यात ठेवले की बुळबुळीत होतात. बघण्यापुरतं ठीक. सुकलेल्या तुकड्यावरून जात नक्की करणं साध्या डोळ्यांचं काम नव्हे, भेसळही होते, आणि स्वतःच्या ओळखीच्या भरवशावर कंद पोटात घालणं तर मुळीच नको. औषधाचा प्रश्न वैद्याकडे न्यावा.

गावातल्या जुन्या माणसांना मात्र जरूर विचारा. रामटेककडच्या एखाद्या आजीला फूल दाखवलंत तर कदाचित ती फुलाकडे बघणारही नाही. पान चिमटीत धरेल आणि म्हणेल, "हे तं काळी मुसळी आहे ना बाप्पा." तिला पुढे विचारायचे प्रश्न: कोणत्या उतारावर जास्त येते, पूर्वी किती यायची, पानं कधी वाळतात. कंद कसा काढतात हे न विचारता सांगितलं जाईल. बहुतेक वेळा ती कमरेची विळी काढून उकरायलाही बसेल, आपल्यासाठी म्हणून. तेव्हा "राहू द्या मावशी, आम्हाले फोटोच पायजे" हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.